बिदर : तटबंदीच्या गावात एक मुक्काम

हैदराबादेतल्या बहुतेक मराठी घरांत जुन्या कागदांचा एखादा गठ्ठा असतोच. त्यात १९५६ पूर्वीचा शाळेचा दाखला असला आणि जन्मगाव उदगीर, निलंगा किंवा अहमदपूर असले, तर जिल्ह्याच्या रकान्यात ‘बिदर’ असे लिहिलेले सापडते. हे तिन्ही तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात होते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषा एका कचेरीत ऐकू येणारा तो जिल्हा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भाषेनुसार वाटला गेला. हे तीन तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडून मुंबई राज्यात गेले, पुढे १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात आले. जहीराबाद, नारायणखेडचा भाग मेदक जिल्ह्यात गेला. बिदर शहर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिला. सीमाप्रश्नाच्या घोषणांत बेळगाव, कारवार, निपाणीच्या जोडीने बिदर-भालकी ही नावे येतात ती या वाटणीमुळेच.

म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांचे हे जिल्ह्याचे गाव. खटला असो, सातबाऱ्याचे काम असो की वरच्या वर्गाची परीक्षा, जायचे ते बिदरला. आज मात्र आपण तिथे सकाळी गाडीने जातो, किल्ला पाहतो, गुरुद्वाऱ्यात लंगर घेतो आणि दिवे लागायच्या आत हैदराबादच्या रस्त्याला लागतो. अंतर सुमारे १४० किलोमीटर, अडीच-तीन तासांचे. त्यामुळे मुक्कामाची गरज कुणाला वाटत नाही. या लेखाचा आग्रह मात्र मुक्कामाचाच आहे. किल्ला दिवसा पाहता येतो, पण किल्ल्याच्या दक्षिणेला तटबंदीच्या आत जे मध्ययुगीन शहर अजून नांदते आहे ते उन्हं उतरल्यावर आणि दुसऱ्या दिवशी दुकाने उघडण्यापूर्वीच नीट दिसते.

कीर्तनातले बेदर

मराठी माणसाला हे गाव इतिहासाच्या पुस्तकाआधी कीर्तनात भेटलेले असते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उपाशी लोकांसाठी उघडली, बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम दिला आणि विठोबा विठू महाराच्या रूपात बादशहापुढे जाऊन सगळ्या धान्याचे पैसे मोजून पावती घेऊन आला, ही कथा महिपतींच्या ‘भक्तविजय’ ग्रंथामुळे (१७६२) घरोघरी गेली. तो बादशहा बेदरचा. कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून तिला दरबारात आणण्यासाठी माणसे पाठवणारा बादशहाही बेदरचाच, आणि तिने पंढरपुरात विठोबाच्या पायाशी देह ठेवला अशी परंपरा आहे.

दोन्ही कथांत बेदर फक्त लांबून हुकूम येतो ते ठिकाण आहे. कीर्तनकार मंगळवेढा आणि पंढरपूर रंगवून सांगतो, बेदरचा दरबार दोन वाक्यांत उरकतो. गावात दामाजीची काही खूण शोधू गेलात तर निराशा होईल. पण मंगळवेढ्याहून निघालेला सरकारी कारकून कोणत्या दरवाजातून आत शिरला असेल, कोणत्या चौकातून कोणत्या चौकात गेला असेल, हे इथे पायांनी कळते. त्यासाठी लागणारे दरवाजे, रस्ते आणि चौक जागेवर आहेत.

जांभ्याच्या पठारावरचे शहर

बिदर जांभा दगडाच्या पठाराच्या अगदी कडेवर वसले आहे. कोकण-गोव्याच्या माणसाला हा तांबडा, सच्छिद्र दगड ओळखीचा. देशावर, काळ्या खडकाच्या मुलखात तो अचानक भेटतो तेव्हा थोडे चकित व्हायला होते. उत्तरेला आणि पूर्वेला पठार एकदम खाली उतरते, तिथे किल्ला. दक्षिणेला सपाट जागेवर शहर.

बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले तेव्हा राजधानी गुलबर्ग्याला होती. अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात ती बिदरला आणली. शिकारीत कुत्र्यावर उलटून धावलेल्या प्राण्याची गोष्ट इथेही सांगतात. ती हिंदुस्थानातल्या निम्म्या राजधान्यांबद्दल सांगतात, तेव्हा फारशी मनावर घेऊ नये. हवा, पाणी आणि राज्याच्या मध्यावरची जागा ही कारणे पुरेशी आहेत. राज्य अरबी समुद्रापासून तेलंगणापर्यंत पसरत होते आणि गुलबर्गा एका कडेला पडू लागले होते.

शहराभोवतीचा आज दिसणारा तट मात्र नंतरचा. बहमनी राज्याची पाच शकले झाल्यावर बिदर बरीदशाहीकडे राहिले आणि अली बरीद याच्या काळात, १५५० नंतरच्या दशकात हा तट उभा राहिला. त्याला पाच दरवाजे आहेत. पश्चिमेला शहागंज, दक्षिणेला फतेह, पूर्वेकडे मंगलपेठ आणि दुल्हन, आणि वायव्येला तळघाट. शेवटचे नाव मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तो दरवाजा खालच्या सखल मुलखाकडे उतरतो.

गावाची आखणी इतकी सोपी आहे की नकाशा लागत नाही. दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात आणि छेदतात तिथे चौबारा नावाचा गोल, बुटक्या दीपमाळेसारखा जाड बुरूज उभा आहे. उंची सुमारे २२ मीटर. आत गोल जिना, वर टेहळणीची जागा. पठार सपाट असल्याने इथून चारही दिशांना लांबवर नजर जात असे. गावात हरवलात तर मान वर करून चौबारा शोधावा.

तटबंदी इतकी का टिकली याचे उत्तर थोडे कडू आहे. बरीदशाही १६१९ मध्ये विजापूरने गिळली. १६५७ मध्ये औरंगजेबाने किल्ला घेतला. वेढ्यात दारूच्या साठ्याला आग लागून किल्लेदार सिद्दी मर्जान आणि त्याची मुले भाजली आणि किल्ला पडला. पुढे निजामाचा अंमल आला, सत्तेचे ठिकाण औरंगाबाद आणि मग हैदराबाद झाले. बिदरमध्ये नवे वाडे, नवे रस्ते करण्याइतका पैसा कुणी ओतला नाही, म्हणून जुने पाडायचीही वेळ आली नाही. जे काम श्रीमंतीने बिघडवले असते ते उपेक्षेने राखले.

दुपार ते रात्र : मदरसा, चौबारा आणि गल्ल्या

दुपारी पोहोचून सामान टाकावे आणि पहिल्या दिवशी किल्ल्याकडे वळूच नये. चौबाऱ्यापासून उत्तरेला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने चालावे. वाटेत तख्त-ए-किर्मानीचा नक्षीदार दरवाजा लागतो आणि थोड्याच वेळात महमूद गवानचा मदरसा.

या इमारतीसाठी वेळ राखून ठेवावा, कारण तिच्यामागचा माणूस आपल्याही इतिहासात आहे. महमूद गवान इराणमधल्या गिलान प्रांतातला. पंधराव्या शतकाच्या मध्यात व्यापारी म्हणून तो बिदरला आला आणि पुढे राज्याचा मुख्य वजीर झाला. कोकणातल्या खेळण्यावर, म्हणजे पुढच्या विशाळगडावर, आणि संगमेश्वरावर मोहीम काढणारा हाच. १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवे घेणारा हाच आणि पाठोपाठ बेळगाव जिंकून देणाराही हाच. त्याच १४७२ साली हा मदरसा पुरा झाला. तीन मजले, मध्ये चौक, चारी बाजूंना व्याख्यानाच्या खोल्या आणि विद्यार्थी-शिक्षकांच्या राहण्याच्या खोल्या, ग्रंथालय, मशीद. दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चिनी फरशांवर कुराणातली अक्षरे आणि फुलांची नक्षी होती. आज ती अर्ध्याहून कमी उरली आहे, पण उरली आहे त्यावरून दुपारच्या उन्हात हा रस्ता कसा झळाळत असेल याची कल्पना येते.

दोन मिनारांपैकी एकच उभा आहे. औरंगजेबाच्या काळात इमारतीत दारूगोळा साठवला होता. त्यावर वीज पडून स्फोट झाला आणि दर्शनी बाजूचा मोठा भाग उडाला. शाळेत दारू भरून ठेवणाऱ्यांना काय म्हणावे ते ज्याचे त्याने ठरवावे.

गवानचा शेवट वाईट झाला. दरबारातल्या दख्खनी सरदारांनी त्याच्या मोहोरदाराला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का मिळवला, त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले बनावट पत्र रचले आणि सुलतानापुढे ठेवले. दारूच्या धुंदीत असलेल्या महंमदशहा तिसऱ्याने चौकशी न करता शिरच्छेदाचा हुकूम दिला. एप्रिल १४८१ मध्ये सत्तरी ओलांडलेला हा वजीर मारला गेला. सुलतान पुढच्याच वर्षी मेला आणि दहा वर्षांत विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड स्वतंत्र झाले. ज्या निजामशाहीच्या चाकरीत पुढे मालोजीराजे वाढले, तिचा उगम असा बिदरच्या या एका खुनाशी जाऊन भिडतो. गवानची कबर शहराबाहेर दक्षिणेला, गोरनळ्ळीच्या बाजूला आहे. साधा चौथरा, वर घुमट नाही.

मदरसा पाहून परतताना मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांत शिरावे. जुन्या शहराचे चार भाग पडतात आणि प्रत्येकाची एक तालीम आहे. नूरखान तालीम, सिद्दीकशहा तालीम, मनियार तालीम, पनसाल तालीम. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला वेगळे काही सांगायला नको. मेहनतीची जागा, पोरांचा अड्डा आणि मोहरमच्या दिवसांत मोहल्ल्याचे ठाणे, तिन्ही एकच.

गल्लीतली बोली कान देऊन ऐकावी. हैदराबादच्या मराठी माणसाला दख्खनी नवी नाही, पण तिचा जुना संसार इथे मांडला गेला. ‘नको’चे ‘नक्को’, आणि ‘मैंच’, ‘अभीच’ यांतला जोर देणारा ‘च’ हा सरळ मराठीचा. दुकानदार कन्नडमध्ये सुरुवात करतो, तुमचा चेहरा पाहून दख्खनीत येतो आणि भालकी-उदगीरचे नाव काढले की बऱ्याचदा मराठीत उतरतो.

रात्री जेवण झाल्यावर पुन्हा एकदा चौबाऱ्यापर्यंत यावे. दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात, वाहने विरळ होतात आणि बुरूज एकदम मोठा वाटू लागतो. याच शहरातली रात्र पाहून तिचे वर्णन लिहून ठेवणारा एक परदेशी होता. अफानासी निकितीन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, वास्को द गामाच्या पंचवीसेक वर्षे आधी हिंदुस्थानात आलेला. तो उतरला आपल्या चौल बंदरात, पावसाळा काढला जुन्नरला आणि मग आला बिदरला. विकायला आणलेला घोडा त्याने इथेच विकला. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे आणि प्रत्येकाशी शंभर पहारेकरी, शंभर कारकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे लिहून घेणारे, असे तो सांगतो. रात्री कोतवालाचे हजार शिपाई चिलखते घालून, हातात मशाली घेऊन घोड्यांवरून शहरात गस्त घालत, असेही. सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात आणि गावातली साधी माणसे कंगाल आहेत, हा फरकही त्याच्या नजरेतून सुटला नाही. निकितीन इथे राहिला ते गवानच्या वजिरीचे दिवस होते. दामाजीच्या बादशहाचे बेदर कसे होते हे कीर्तनकाराने सांगितले नाही ते या रशियन माणसाने सांगितले.

सकाळी किल्ला

किल्ला उघडताच आत जावे. दहानंतर सहलींच्या बसेस येतात.

आत शिरण्याआधी खंदकापाशी थांबावे. एकामागोमाग एक तीन खंदक आहेत, पण ते तीन वेळा खणलेले नाहीत. जांभ्याचा एकच प्रचंड चर खोदताना मध्ये खडकाच्या दोन उंच भिंती तशाच सोडल्या आणि एका खंदकाचे तीन झाले. जांभा खणताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होतो, हे कोकणातल्या चिरेखाणीवर काम केलेल्या कुणालाही माहीत आहे. निघालेला दगड तटाला वापरला. खंदक आणि तट एकाच खाणीतून निघालेले आहेत.

पुढे शर्झा दरवाजा. वर दोन वाघ-सिंहांची शिल्पे आणि १५०३ चा लेख. त्यानंतर गुंबद दरवाजा. दोन्हींमधली वाट मुद्दाम वळवलेली आहे, म्हणजे हत्तीला धाव घेऊन धडक मारता येऊ नये.

आतला परिसर फार मोठा आहे आणि सगळे पाहायचा हट्ट धरला तर काहीच लक्षात राहत नाही. तीन जागा चुकवू नयेत. पहिली सोळा खांबी मशीद. तिचा लेख १४२३-२४ चा, म्हणजे बिदरमधल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी ही. जाड, गोल, बिननक्षीचे खांब रांगेने उभे आहेत आणि आत शिरताच आवाज आपोआप खाली येतो. दुसरी तख्त महाल. इथे सुलतानांचे राज्यारोहण होत असे. कमानीच्या कोपऱ्यात फरशांवर पाठीवर उगवता सूर्य घेतलेला सिंह काढला आहे. इराणचे ते चिन्ह दख्खनच्या पठारावर पाहताना गवानसारखी माणसे इथे कोणते जग बरोबर घेऊन आली ते कळते.

तिसरी रंगीन महाल. हा बऱ्याचदा कुलपात असतो. पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्याला शांतपणे विनंती करावी, घाई दाखवू नये. खालच्या दालनात कोरीव लाकडी खांब आहेत, एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकातल्यासारखे. आतल्या खोलीत काळ्याभोर दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून वेलबुट्टी आणि अक्षरे उमटवली आहेत. अली बरीदच्या काळचे हे काम. राज्य तोवर एका जिल्ह्याएवढे उरले होते. खोलीही लहानच, पण नजर हलत नाही.

अष्टूर

किल्ल्यानंतर ऊन चढण्याआधी पूर्वेला काही किलोमीटरवरच्या अष्टूरला जावे. वाटेत हजरत खलीलुल्ला यांची अष्टकोनी चौखंडी आहे. तिच्या दरवाजावरचे काळ्या दगडातले अक्षरलेखन पाहायला पायऱ्या चढण्याचे कष्ट घ्यावेत.

अष्टूरला बहमनी सुलतानांचे मकबरे एका रांगेत शेतांच्या कडेला उभे आहेत. त्यांतला अहमदशहा वलीचा (मृत्यू १४३६) आतून रंगवलेला आहे. सोनेरी, शेंदरी, निळ्या रंगात भिंती आणि घुमट भरून अक्षरे व नक्षी. आत काळोख असतो. राखणदार कधी दारातून आरशाने उजेड आत पाडून दाखवतो. डोळे सरावेपर्यंत थांबल्याशिवाय काही दिसत नाही.

सुलतान असूनही हा लोकांच्या लेखी वली, म्हणजे संत. त्याचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो आणि त्यात गुलबर्ग्याकडच्या मध्याळचा लिंगायत जंगम आपल्या शिष्यांसह येऊन मानाची पूजा करतो. शंखही वाजतो, फातिहाही होतो. ज्या बेदरच्या बादशहाला आपल्या कथांत विठोबापुढे नमावे लागते, त्याच घराण्यातल्या एकाला इथल्या शेतकऱ्याने देवाच्या पंक्तीत बसवून टाकले आहे.

जवळच हुमायूनशहाचा मकबरा. हा क्रूरपणाबद्दल कुप्रसिद्ध होता. त्याच्या घुमटावर वीज पडून निम्मी इमारत कोसळली आहे, उरलेली निम्मी सुरीने कापलेल्या फळासारखी उभी आहे. गावकऱ्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. वास्तू शिकणाऱ्या मुलांना मात्र ही पर्वणी आहे, कारण घुमटाची जाडी आणि आतली बांधणी अशी उघडी सहसा पाहायला मिळत नाही.

पाणी आणि बिदरी

पठारावर नदी नाही, मग एवढी राजधानी पाणी कुठून पीत होती? वरचा जांभा पावसाचे पाणी मुरवून घेतो, खालचा काळा खडक ते अडवतो आणि दोघांच्या सांध्यावर कडेकपारीत झरे फुटतात. पापनाशचे शिवमंदिर, गुहेतल्या पाण्यातून चालत जाऊन दर्शन घ्यायचे ते नरसिंह झरणी, आणि गुरुद्वारा नानक झिरा ही तिन्ही तीर्थे अशा झऱ्यांवरच आहेत. नानक झिऱ्याची कथा गुरू नानकांच्या दक्षिणयात्रेशी जोडलेली आहे. नांदेडला येणारे शीख यात्रेकरू बिदरलाही येतात. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी निवडलेल्या पाच प्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बिदरचे होते, हे आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे.

पण केवळ झऱ्यांवर भागले नाही. शहराच्या पश्चिमेला नौबादला इराणी पद्धतीचा करेझ आहे, लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. जमिनीखाली अगदी अल्प उताराचा बोगदा आणि त्यावर ठराविक अंतराने उभ्या विहिरी. पंप नाही, मोट नाही, पाणी आपल्या वजनाने वाहते. कित्येक वर्षे तो गाळाने भरलेला होता. अलीकडे साफ केल्यावर पुन्हा लक्षात आला. वर मात्र वस्ती आणि बांधकामे वाढत आहेत, आणि हवेच्या विहिरी बुजल्या की खालचा बोगदा मरतो. २०१४ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वारशाच्या जागतिक यादीत बिदर शहराचा समावेश केला. त्याच वर्षी दख्खनी सुलतानशाह्यांच्या वास्तू म्हणून बिदर युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आले. किल्ल्याला कुंपण आणि पहारेकरी आहे. तट, दरवाजे आणि करेझ यांच्याजवळ राहणाऱ्यांना त्यांची गरज वाटली तरच ते टिकतील, आणि पाहुणा फक्त किल्ला पाहून परतला तर ती गरज कुणाला वाटण्याचे कारण नाही. मुक्कामाच्या आग्रहामागे हेही एक आहे.

बिदरी कामाची दुकाने आणि कारखाने चौबाऱ्याच्या आसपासच्या रस्त्यांवर आहेत. सकाळी काम चालू असताना जावे, कारण वस्तूपेक्षा ती घडताना पाहणे महत्त्वाचे. जस्तात थोडे तांबे मिसळून वाळूच्या साच्यात ओततात. कानशीने घासून मोरचूद फासतात, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळसर होऊन त्यावर नक्षी आखता येते. बारीक टाकीने चर कोरून त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. मग सगळे पुन्हा घासून पांढरे करतात, आणि शेवटी येते किल्ल्याची माती. जुन्या इमारतींच्या आडोशाची, ऊन-पाऊस न लागलेली, सोऱ्याचे क्षार असलेली ही माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून वस्तूवर चोळली की जस्त कायमचे काळे होते आणि चांदी तशीच चमकत राहते. कारागीर ती माती जिभेवर ठेवून पारखतात. खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्यात. वस्तू आकाराच्या मानाने जड हवी, आणि बोट फिरवल्यावर चांदीची कड लागता कामा नये. घासाघीस जरूर करावी, पण एका छोट्या डबीवर दोन-तीन दिवसांची बैठक गेलेली असते हे लक्षात ठेवून.

व्यवस्थेबद्दल

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यातही पठार सुंदर दिसते, पण जांभ्याच्या पायऱ्या निसरड्या होतात. राहण्याची हॉटेले तटाबाहेर, नव्या गावात आहेत. कर्नाटक पर्यटन महामंडळाचे हॉटेल उदगीर रस्त्यावर आहे. गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासातही सोय होते, सणांचे दिवस वगळून. जेवणाला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी देणारी खानावळ शोधावी. चव थेट उदगीरच्या घरची वाटेल. ज्येष्ठांसाठी किल्ल्यात आणि अष्टूरला रिक्षा ठरवून घ्यावी, चालणे बरेच होते. नरसिंह झरणीत पाणी छातीपर्यंत येऊ शकते, आणि ते अधूनमधून बंद असते. आधी चौकशी करावी. दर्ग्यात व गुरुद्वाऱ्यात डोके झाकायला रुमाल जवळ असावा. आकाशात अचानक विमानांचा आवाज झाला तर दचकू नये, इथे हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे.

परतीच्या दुपारी वेळ उरला तर शहराच्या पश्चिमेला अली बरीदचा मकबरा पाहावा. याला भिंती नाहीत. चारही बाजूंना मोठ्या कमानी उघड्या आहेत आणि मध्ये काळ्या दगडाची कबर. हा त्याने जिवंतपणीच बांधून घेतला. उन्हं कलली की वारा आरपार जातो, आसपासच्या बागेत गावातली माणसे फिरायला येतात, पोरे खेळतात.

ज्यांना हैदराबादकडे परत फिरायचे नाही त्यांच्यासाठी विकाराबाद–परळी लोहमार्ग बिदरवरूनच जातो. पुढची स्थानके भालकी, उदगीर, लातूर रोड. जुन्या दाखल्यावरचे गाव आणि त्याचा जुना जिल्हा आजही एकाच गाडीने जोडलेले आहेत.